अष्टमीतलं लॉन आणि एक नंबरी पाहुणा

रोहा आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते, म्हणून ती दोन गावं. नगरपरिषद मात्र एक, बाजार एक, आणि श्रावणात नदी चढली की पाणीही एकच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इथे कौलावर गवत उगवतं, गडग्याच्या चिऱ्यांत उगवतं, विहिरीच्या काठावर उगवतं, आणि पंधरा दिवस जागची न हललेली स्कूटर असेल तर तिच्या पायदाणीवर साचलेल्या चिमूटभर मातीतही उगवून बघतं. अशा गावात कुणी चौरस फुटाच्या भावाने गवत विकत आणून लावलं, तर ती बातमी पूल ओलांडायला वेळ लागत नाही.

असं गवत लावणारा माणूस बहुधा मुंबईत तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून परतलेला असतो. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप मोजण्यात त्याची उमेद गेलेली असते. निवृत्तीनंतर गावच्या जागेवर बंगला उठतो, बंगल्यापुढे अंगण उरतं, आणि मनातल्या मनात 'अंगण' पुसून तिथे 'लॉन' लिहिलं जातं. अंगण सारवावं लागतं, त्यात वाळवणं घालायची असतात, शेजारच्या कोंबड्या येऊन जायच्या असतात. लॉनवर यातलं काहीच करायचं नसतं. लॉनकडे खुर्ची टाकून बघायचं असतं. या गृहस्थांना आपण काका म्हणू. अष्टमीत त्यांना सगळे तेच म्हणतात.

काकांनी बर्म्युडा गवत निवडलं. नाव ऐकूनच ते खूश झाले होते, आणि सकाळी स्वतः बर्म्युडा घालून बर्म्युडावर फिरताना तर आपण कुठल्या तरी जागतिक परंपरेत उभे आहोत असं त्यांना वाटे. परंपरा खरोखरच परदेशी आहे. १८३० साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीतलं लव कातरायचं यंत्र पाहिलं आणि त्या धर्तीवर गवत कापायचं यंत्र बनवलं. त्याआधी हिरवळ सपाट राखायची तर लांब दांड्याचे विळे चालवणारी माणसं नाही तर मेंढरं पोसावी लागत, म्हणजे तो सरदार-जहागीरदारांचा शौक होता. बडिंगने तो मध्यमवर्गाच्या दाराशी आणला. मग साहेबाबरोबर तो इथल्या जिमखान्यांत आला आणि जिमखान्यात कधी आत जायला न मिळालेल्या माणसांच्या मनात घर करून राहिला.

गवत मात्र परदेशी नाही. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. शेताच्या बांधावर फुकट मिळते ती, नांगराच्या फाळाला गुंडाळते ती, आणि भाद्रपदात दूर्वा होऊन एकवीसच्या जुडीने गणपतीच्या माथ्यावर चढते तीही. शेजारच्या पेण तालुक्यातून गणपती गावोगाव जातात आणि त्यांच्या माथ्यावरची ही हरळी ज्या त्या गावी आपापली उगवलेली असते. तिची कधी कुणाला ऑर्डर द्यावी लागली नाही. काकांनी मोजलेल्या पैशांत किती जन्मांच्या दूर्वा झाल्या असत्या, हा हिशेब काकूंनी केला होता. त्यांनी तो एकदाच मोठ्याने म्हणून दाखवला.

लॉन रुजलं. पहिल्या पावसात असं तरारलं की येणारा-जाणारा गेटाशी थांबू लागला. मग एका शनिवारी पहिली कापणी झाली, आणि मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असताना काकांना दिसलं की त्या सपाट हिरव्यावर पाच-सहा रोपं बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच उभी आहेत. रंग जरा पोपटी, अंगाला तकाकी.

"बघ, खत लागू पडलं," काका म्हणाले.

लव्हाळ्याची पहिली ओळख ही अशीच व्हायची. तो लॉनपेक्षा भराभर वाढतो. शनिवारी सगळ्यांची डोकी एका उंचीवर आणली तरी मंगळवारी जो मान वर करून बघतो, तो लॉनचा नव्हे. दुसरी ओळख बोटांनी पटते. गवताची काडी गोल असते, बहुधा पोकळ असते, तिला पेरं असतात. लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून फिरवला तर तीन कडा बोटांना लागतात. आतून तो भरीव, आणि पेर नावाची गोष्ट नाही. पानं बुंध्यापाशी तीन दिशांना फुटतात. टोकाला तांबूस तपकिरी तुरा आला की शंकाच नको. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी हा गवताच्या कुळातलाच नाही. त्याचं घराणं वेगळं, मोथ्याचं, आणि शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. गवतात मिसळून गवत म्हणून वावरणारा हा मूळचाच तोतया आहे.

तिसरी ओळख जमिनीखाली आहे. आणि ती करून घेण्याच्या नादातच सगळा घोटाळा होतो.

कामाला येणाऱ्या मावशींनी त्याला गेटातूनच ओळखलं. "काका, लव्हाला हाय तो," त्या म्हणाल्या. आगरी बोलीत ळ चा ल होतो आणि अहोजाहोला फारसा थारा नसतो. "त्याला उपटू नको हां. उपटलास का पोरं काढील."

काकांनी मान डोलावली, आणि मावशी भांड्यांकडे वळताच खाली वाकून एक रोप उपटलं. ते सहज आलं. इतकं सहज, की काकांना आपल्या हाताच्या हलकेपणाचं कौतुक वाटलं. दहा मिनिटांत सहाच्या सहा रोपं निघाली. आठवड्याने तिथे वीस होती.

लव्हाळ्याचा कारभार अविभक्त कुटुंबासारखा चालतो. जमिनीखाली दोऱ्यासारखी खोडं पसरतात आणि त्या दोऱ्यांवर मण्यांसारख्या काळपट तपकिरी गाठी लागत जातात, एकीपुढे दुसरी, दुसरीपुढे तिसरी. पुढची गाठ अंकुरते तेव्हा मागच्या बऱ्याचशा गाठी झोपलेल्या असतात. थोरला बोलत असताना धाकट्यांनी तोंड उघडायचं नाही ही शिस्त. वरून रोप उपटलं की दोरा तुटतो. थोरला गेला, वाटण्या झाल्या, आणि प्रत्येक धाकटा स्वतंत्र चूल मांडतो. काकांनी सहा रोपं काढली नव्हती, सहा घरांच्या वाटण्या करून दिल्या होत्या. खुरपीने खणलं तर आणखी वाईट, कारण खुरपी वीतभर खोल जाते आणि दोरा दहा ठिकाणी तोडून येते. बऱ्याचशा गाठी वरच्या वीत-दीड वीत मातीतच असतात, तरी एखादी खाली दबून राहिलेली पुरते.

आता तो आला कुठून, यावर एक चौकशी झाली. गवत देणारा म्हणाला, आमच्या लाद्या स्वच्छ असतात, तुमच्या लाल मातीतून आला असणार. मातीवाला म्हणाला, माती डोंगराची, तिच्यात काय असणार, शेणखत तपासा. शेणखत ज्यांच्या गोठ्यातून आलं ते गृहस्थ हसले आणि नदीकडे बोट दाखवलं. यातला कोण खरं बोलत होता ते सांगणं कठीण, कारण लव्हाळ्याला चारही रस्ते माहीत आहेत. भरावाच्या मातीबरोबर गाठी येतात, कुंडीतल्या रोपाच्या मुळांत येतात, फावड्याला चिकटून येतात. आणि पुराच्या पाण्याबरोबर तर त्या वाहत येतातच. नदीला कुठे चौकशीला बोलावणार?

काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर धीर दिला आणि एका पुस्तकाची माहिती पाठवली. तिने काकांचा उरलासुरला धीर गेला. १९७७ साली हवाई विद्यापीठाच्या छापखान्यातून लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात तणांची क्रमवारी लावली आहे. नव्वदहून अधिक देशांत आणि पन्नासहून अधिक पिकांत उपद्रव करणारं, एक नंबरचं तण म्हणून तिथे ज्याचा मान आहे, तो सायपेरस रोटुंडस. काकांच्या खुर्चीसमोर उभा होता तोच.

इथवर ठीक होतं. एक नंबरच्या शत्रूकडून मार खाण्यात थोडी प्रतिष्ठा असते. पण काकांनी यादी पुढे वाचली. दोन नंबरवर हरळी होती.

म्हणजे जगातलं दोन नंबरचं तण पैसे देऊन लावायचं, त्याला पाणी घालायचं, खत घालायचं, आणि मग एक नंबरचं तण त्यात शिरलं म्हणून झोप उडवून घ्यायची, असा हा एकूण उद्योग होता. काकूंनी यादी हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या नजरेने पुढे वाचली. तिसऱ्या-चौथ्या जागी भातखाचरातल्या सावाच्या जातीची गवतं. पाचवी ती नाचणीची रानटी नातलग. आठवी जलपर्णी, ती तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेली आहे. नववी घोळ. दहावा चाकवत. "घोळ आणि चाकवत?" काकू म्हणाल्या. "ताकातला चाकवत काय वाईट लागतो?" त्या हवाईच्या शास्त्रज्ञांना लसणीच्या फोडणीचा चाकवत मिळाला असता तर यादी नऊवरच थांबली असती, असं त्यांचं मत पडलं आणि ते त्यांनी अजून बदललेलं नाही.

तण म्हणजे नको त्या जागी उगवलेलं झाड, अशी व्याख्या शेतीशाळेत शिकवतात. कोकणात ती पुरत नाही, कारण इथे नको असलेलं झाड संध्याकाळी ताटात असतं. लव्हाळ्याच्या जोडीने काकांच्या लॉनमध्ये टाकळा उगवला. मावशींनी तो मुळासकट उपटला, त्याची मजुरी घेतली, आणि कोवळी पानं पदरात बांधून घरी नेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी बाजारात भारंगी आणि कुलू यांच्या शेजारी मांडलेली टाकळ्याची जुडी पैसे देऊन आणली. आंबुशी उगवली, तिची आंबट पानं नातवंडांनी खाऊन संपवली. लाजाळू आली. ती काटेरी आणि चिवट, मूळची अमेरिका खंडातली, लॉनवर अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाशी तिचं वैर. पण पान मिटतं म्हणून नातीने ती उपटू दिली नाही आणि तिच्याभोवती विटांचं कुंपण केलं. केना आला, त्याला निळं फूल आलं, आणि काका दोन दिवस त्याला शोभेचं झाड समजत होते. या सगळ्यांशी काहीतरी तडजोड होऊ शकली. लव्हाळ्याशी होईना.

मग सल्ले सुरू झाले. आजार आणि तण यांवर सल्ला द्यायला गावात शिक्षण लागत नाही. एकाने कढत पाणी ओतायला सांगितलं. त्याने वरची पाती शिजली, खालच्या गाठींना बहुधा शेक मिळाला. एकाने सांगितलं, मीठ टाका. काकांनी दोन पिशव्या आणल्याही. हे मावशींनी पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांचं माहेर खारेपाटातलं. पेण-अलिबागच्या त्या पट्ट्यात माणसांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून, फुटले की रातोरात चिखल ओढून, समुद्राचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून कंबर मोडून घेतली. बांध फुटला की ती जमीन पुढची काही वर्षं पिकाला पारखी होते. आणि इथे एक शिकलेला माणूस दुकानातून मीठ विकत आणून स्वतःच्या हाताने जमीन खारी करायला निघाला होता. "आमच्याकडं ये," मावशी म्हणाल्या, "फुकट देतो तुला खारं पानी." मिठाच्या पिशव्या काकूंनी लोणच्यासाठी ठेवून घेतल्या.

औषधाच्या दुकानात कथा आणखी रंगली. तणनाशक या शब्दात एक फसवणूक आहे, कारण त्यातलं 'तण' कुठलं हे बाटली ठरवते, मालक नव्हे. ग्लायफोसेट मारलं तर लव्हाळा मरगळतो खरा, पण हरळी त्याच्या आधी जाते. त्या औषधाच्या दृष्टीने एक नंबर आणि दोन नंबर सारखेच. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांवर चालतं. लव्हाळ्याची त्याने वरची पानं पिवळी पडतात, मालक समाधानाने गावाला जाऊन येतो, आणि तोवर खालच्या गाठी नवी पानं पाठवतात. कोल्हापूर-सांगलीकडचे ऊस उत्पादक या जाचातून गेले आहेत. उसाच्या सऱ्यांत लव्हाळा त्यांनी वर्षानुवर्षं भांगलला आणि वर्षानुवर्षं तो वाढवला. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं औषध आलं तेव्हा त्यांना जरा श्वास मिळाला. ते पानातून खाली उतरून गाठीपर्यंत जातं, आणि गवतवर्गातल्या पिकाला, म्हणजे उसाला, राखतं. परदेशात लॉनवरही ते याच कामासाठी वापरतात.

पण त्याचे काही मानपान आहेत. रोपाला चांगली चार-पाच पानं हवीत, म्हणजे औषध आत शिरायला दार मिळतं. फवारणीआधी आणि नंतर दोन-तीन दिवस यंत्र फिरवायचं नाही. पानंच कापून टाकली तर औषध उतरणार कुठून? परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर दुकानदाराला फोन करायचे नाहीत. मात्रा ग्रॅमात मोजायची, 'जरा जास्त टाकू' हा गृहिणीचा हात इथे चालत नाही. पाकिटावर कुठल्या पिकाचं नाव आहे ते आधी वाचायचं, आणि कृषी कार्यालयात विचारायचं. नदीकाठच्या, विहिरीलगतच्या जागेत तर दोनदा विचारायचं. आणि शेवटची अट, फवारल्यावर काही तास पाऊस नको. ही अट पाकिटावर लिहिणाऱ्याने जुलै महिना रोह्यात काढलेला नसावा. काकांनी पंप भरून व्हरांड्यात ठेवला आणि उघडीप बघत बसले. नारळी पौर्णिमा गेली. पंप तसाच. शेवटी तो त्यांनी रिकामा करायचा विचार केला तेव्हा मावशींनी गटारात ओतायला मनाई केली, कारण गटार नदीला जातं आणि नदीत त्यांच्या घरची माणसं मासे धरतात. कोरड्या कोपऱ्यात, लव्हाळा दाट होता तिथेच, एका उन्हाच्या दुपारी ते औषध कामी आलं. तेवढा कोपरा पुढे खरंच सुधारला. उरलेलं लॉन पंपात मावलं नव्हतं.

गणपतीत पुण्याहून नातू आला. त्याला दूर्वा आणायला पाठवलं. तीन पात्यांच्या कोवळ्या दूर्वा आण, असं आजीने बजावलं होतं, आणि मुलाने ते अक्षरशः पाळलं. लव्हाळ्याला पाती तीन दिशांनाच फुटतात, शिवाय तो हरळीपेक्षा उंच, हाताला सहज येणारा. एकवीसची जुडी होऊन वर बारा उरल्या. गुरुजींनी जुडी हातात घेतली, एक काडी बोटांत फिरवली, आणि कुठलाही गाजावाजा न करता ती ताम्हनाच्या पलीकडे ठेवून दिली. लव्हाळा ओळखण्याची परीक्षा त्या दिवशी घरात एकट्या गुरुजींनी दिली असं म्हणायला हरकत नाही.

रोह्याच्या मातीत हे ओळखणारा आणखी एक माणूस होऊन गेला. चिंतामणराव देशमुख जन्मले १८९६ साली महाडजवळच्या नात्यात, पण घर रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सगळ्यांना माहीत. त्याआधी, १९१७ साली, केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवलं होतं हे कमी जणांना. चलनवाढ आणि लव्हाळा या दोन्ही गोष्टी वरून कापून आटोक्यात येत नाहीत, मूळ खाली असतं, हे एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी कळणं तसं दुर्मीळच. याच चिंतामणरावांनी 'मेघदूत' मराठीत आणलं. आणि कालिदासाला लव्हाळ्याची पक्की ओळख होती. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार रद्द करतो तेव्हा रानातल्या प्राण्यांना सुट्टी मिळते, आणि रानडुकरांनी डबक्यांत निवांतपणे मुस्ता उकरावी अशी सोय राजा करून देतो. मुस्ता म्हणजे मोथा, म्हणजे आपला लव्हाळाच. तणनियंत्रणाचा इतका परिणामकारक आणि बिनखर्चाचा उपाय त्यानंतर कुठल्या शासनाने जाहीर केलेला नाही. रोह्याच्या डोंगरात रानडुकरं आहेतही. प्रश्न एवढाच, की गाठी खाऊन झाल्यावर लॉनचं काय उरेल.

तुकोबांनी तर लहानपण मागताना महापुराच्या गोष्टीत याच लव्हाळ्याला मानाचं पान दिलं. वैद्यांनी त्याला तापावरच्या षडंगोदकात घातलं. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून जे सुगंधी चूर्ण पडतं, ते याचं किंवा याच्या सख्ख्या भावंडाचं. खणून काढलेली गाठ दगडावर ठेचली तर तो ओळखीचा वास येतो, पहाटेचा, तेलाचा, कारीट फोडल्याचा. काकांना तो पहिल्यांदा आला तेव्हा खुरपी हातातच राहिली. काकूंनी त्या दिवाळीला नेहमीच्या दुकानातून उटण्याचं पाकीट आणलं होतं आणि मागच्या बाजूला छापलेली यादी त्यांनी काकांना वाचून दाखवली. नागरमोथा तिसरा होता. काकांनी विचारलं, किती रुपयांचं पाकीट. काकू म्हणाल्या, ते जाऊ दे.

खरं म्हणजे गावातल्या शेतकऱ्याला हे युद्ध एवढं कठीण वाटत नाही, कारण तो ते लढतच नाही, टाळतो. भाताच्या खाचरात पाणी कोंडलेलं असतं. तिथे दुसरी तणं माजतात, पण या लव्हाळ्याला साचलेलं पाणी मानवत नाही. काकांनी पाणी साचू नये म्हणून लॉनखाली खडीचे चर काढून घेतले होते, म्हणजे पाहुण्याच्या पायाखाली गालिचा अंथरला होता. भाताची रोपं ज्या जागेत करायची ती जागा शेतकरी उन्हाळ्यात कवळ, शेण, पालापाचोळा पसरून भाजतो. त्या राबाने वरच्या थरातलं तणाचं बी जळतं. नारळी-पोफळीच्या दाट वाडीत लव्हाळा फारसा दिसत नाही, कारण त्याला सावली सोसत नाही. त्याला हवं असतं मोकळं, लख्ख ऊन, म्हणजे तंतोतंत लॉन. मावशींचा म्हणून एक उपाय होता. तिथे एक फणस लावायचा. दहा वर्षांत लव्हाळाही जाईल आणि लॉनही, आणि फणस राहील. काकांनी तो विचारार्थ ठेवला.

शेवटी त्यांनी मे महिना निवडला, आणि तो शहाणपणाचा होता. लव्हाळ्याची गाठ पाण्याला, कोयत्याला, खुरपीला भीत नाही. ती भिते वाळण्याला. माती कोरडी असताना, पावसाला निदान महिना असताना, फूटभर खणून ढेकळं उलथायची, गाठी उघड्या उन्हात पडू द्यायच्या, आठवड्याने पुन्हा उलथायची. दोन-तीन वेळा असं झालं की बऱ्याच गाठी खुळखुळ्यासारख्या सुकतात. ज्याला खणणं होत नाही त्याने जमीन भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावं. काळं नको. काळ्याखाली अंधार असतो, अंधारात लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार राहतो आणि प्लास्टिक फोडून वर येतो. पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड दिसतो, बाहेर आलो असं समजून तो पानं उलगडतो, आणि मग त्या उलगडलेल्या पानांनिशी मेच्या उन्हात आतच उकडतो. इतकी साधी फसगत करायला माणसाला बरीच वर्षं लागली.

अडचण एवढीच की यात लॉन वाचत नाही. काकांनी मन घट्ट केलं. गेटाजवळचं, सगळ्यात बरबटलेलं निम्मं लॉन खणायचं ठरलं, दुसरं निम्मं तूर्त बघायला ठेवायचं. टिकाव मारायला दोन गडी आले. तिसऱ्या दिवसापर्यंत घमेलंभर गाठी निघाल्या. त्या चुकून कुठे पडू नयेत म्हणून काकांनी गच्चीवर जुनी चादर अंथरली, आणि एका बाजूला काकूंची आमसुलं, एका बाजूला पापड, मधोमध जगातलं एक नंबरचं तण, असं वाळवण पडलं. अंगणातलं वाळवण काकांनी बंद केलं होतं, ते असं वर गेलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आजी पापड लाटायला म्हणून आल्या आणि गच्चीवर गेल्या. "हे काय घातलंय गो?"

"नागरमोथा," काकू म्हणाल्या. तो शब्द काकूंनी का वापरला हे त्यांनाही सांगता येणार नाही. 'तण वाळत घातलंय' असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"अगोबाई! विकतचा आणते मी." आजींनी एक गाठ नखाने खरवडून वास घेतला. डोळे मिटले. मग ओंजळभर गाठी पदरात घेतल्या आणि घरी जाऊन तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर पसरल्या, सावलीत, कारण सुगंधी जिन्नस उन्हात वाळवायचा नसतो. काही गाठी आतून अजून ओल्या होत्या.

पाऊस त्या वर्षी अकरा जूनला लागला. पंधरवडा उलटल्यावर आजींच्या वृंदावनात, तुळशीच्या बुंध्याशी, तीन दिशांना पाती फुटलेलं काहीतरी पोपटी वर आलं होतं, आणि आजी त्याला रोज सकाळी तुळशीबरोबर पाणी घालत होत्या.